मोटरहोम रस्त्यात बंद पडली तर: इंदूरच्या गाडीवाल्यांना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात आम्ही सात-आठ मराठी घरं आहोत ज्यांनी ट्रॅव्हलर नाहीतर विंगर व्हॅन घेऊन त्यात पलंग, ओटा, फ्रिज, टाकी असं सगळं बसवून घेतलंय. दर महिन्याला कोणाची तरी कुठेतरी बंद पडतेच, मग फोन येतो आणि प्रश्न तेच असतात, फक्त गाव बदलतं, कधी सेंधवा, कधी बडवाह, कधी घरासमोरच. म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी मिस्त्री नाही, बँकेतून रिटायर झालोय, जे काही येतं ते हात काळे करून आणि चार वेळा पैसे बुडवून आलंय.

गाडी बंद पडली. पहिल्यांदा काय करू?

बॉनेट उघडू नका. आधी गाडी जमेल तितकी डाव्या बाजूला घ्या, चारी इंडिकेटर लावा, मागे चांगलं पन्नासेक पावलांवर लाल ट्रँगल ठेवा आणि घरच्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा. आपली गाडी म्हणजे घर असल्यामुळे लोक आत बसून निवांत चहा करायला लागतात, हायवेवर ते अजिबात करू नका. नॅशनल हायवे असेल तर १०३३ ला फोन करा, क्रेन आणि पेट्रोलिंगची गाडी तिथूनच मिळते. कोणाला लागलं असेल किंवा धोका वाटला तर ११२. हे सगळं झालं की मग आम्हाला फोन करा, रात्री दोनलाही चालेल, तसं आम्ही आपापसात ठरवूनच ठेवलंय.

फोनवर नेमकं काय सांगायचं?

गाडीला काय झालंय हे तुम्ही ठरवून सांगू नका, तुम्हाला काय दिसलं, काय ऐकू आलं आणि कसला वास आला तेवढंच सांगा. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका मित्राने फोन करून "डायनेमो गेला" एवढंच सांगितलं. झालं, आम्ही चौघं अर्धा तास डायनेमोवर (इंजिनवर फिरून बॅटरी भरतो तो) बोलत बसलो, कुठे मिळेल, रिपेअर करावा की नवा घ्यावा. नंतर सहज विचारलं की अजून काय झालं रे, तर म्हणतो स्टिअरिंग एकदम जड झालं होतं आणि टेंपरेचरचा काटा चढत होता. अरे बाबा! बॅटरीचा लाल दिवा, स्टिअरिंग जड आणि इंजिन गरम, तिन्ही एकदम होतंय म्हणजे बेल्ट तुटलाय, कारण त्याच्या गाडीत डायनेमो, स्टिअरिंगचा पंप आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात. आणि हा गडी तशीच चालवत ढाब्यापर्यंत पोचायच्या बेतात होता, पाणी फिरत नसताना. अजून चार किलोमीटर गेला असता तर इंजिनचं हेडच उतरवावं लागलं असतं.

तर एवढं सांगा: गाडी कुठली, कोणत्या साली घेतली, बीएस ४ आहे की बीएस ६ (हे धुराचे सरकारी नियम, १ एप्रिल २०२० नंतरची असेल तर बीएस ६ धरून चला), किती किलोमीटर झालीय. बंद पडली तेव्हा थंड होती की गरम, चढावर की सपाटीला, आधी काही काम करून घेतलं होतं का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण परवाच ज्या जागी हात लागला तिथेच नव्वद टक्के वेळा घोटाळा असतो (हे माझं गणित, कुठे छापलेलं नाही). डॅशबोर्डचा फोटो काढा, आवाजाचा व्हिडिओ करा, पण व्हिडिओत बोलू नका हो! "बघा कसा आवाज करून राहिलीय" यातच आवाज बुडतो.

चावी फिरवली की नुसतं टक-टक होतं, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नाही. बॅटरी गेली का?

असेलही. पण न मोजता नवी बॅटरी घेऊ नका, हा माझा स्वतःचा महागात पडलेला अनुभव आहे.

माझ्या गाडीला हाच त्रास होता. एका वर्कशॉपवाल्याने बॅटरी बदलली, आठ दिवस बरं चाललं, पुन्हा टक-टक. मग म्हणाला सेल्फ गेलाय, सेल्फही बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आमच्यातल्या एक ताई आल्या, शाळेत फिजिक्स शिकवायच्या, स्वतःची ट्रॅव्हलर स्वतः चालवतात. आल्या, पर्समधून मल्टिमीटर काढला, काळी वायर बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर धरली, लाल थेट इंजिनच्या लोखंडावर, आणि मला म्हणाल्या, "फिरव चावी." मीटरवर २.८ आले. म्हणजे बॅटरीचे जवळपास तीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच वाया चालले होते, सेल्फ बिचारा उपाशी. हा आकडा चावी फिरवताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. खाली वाकून बघितलं तर इंजिन ते चॅसिस जी अर्थिंगची पट्टी असते तिच्या बोल्टखाली काळा रंग. आत फर्निचर बसवताना गंज लागू नये म्हणून चॅसिस रंगवून घेतली होती आणि पट्टी त्या रंगावरच कसली होती. पॉलिशपेपरने घासून चकचकीत केलं, कसलं, वरून थोडं ग्रीस लावलं. दहा मिनिटं लागली असतील. जुनी बॅटरी मी तोपर्यंत एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळा झालो होतो.

तर क्रम असा ठेवा. गाडी काही तास उभी असताना बॅटरीचे व्होल्ट बघा, १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे रिकामीच समजा. मग चावी फिरवताना बघा, १० च्या खाली धाडकन गेली तर बॅटरी अशक्त. खाली जातच नाही आणि सेल्फही फिरत नाही, तर वायर, अर्थिंग, नाहीतर सेल्फ. रस्त्यात मीटर नसेल तर जंपर केबल घ्या, बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि चावी फिरवा. चटकन उचलली तर चोर अर्थिंगमध्येच आहे.

दुसऱ्याच्या गाडीवरून जंप घेताना आधी लाल आपल्या मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्याच्या प्लसला, काळी आधी त्याच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून गॅस निघत असतो आणि शेवटच्या टोकाला ठिणगी उडतेच.

सेल्फ मस्त फिरतो पण गाडी उचलत नाही?

डिझेल आहे ना टाकीत? हसू नका, दोनदा झालंय.

डिझेल असेल तर बहुतेक लाइनने हवा घेतलीय किंवा फिल्टरमध्ये पाणी आलंय. पावसाळ्यात हे जास्त होतं. फिल्टरच्या खाली ड्रेनचा स्क्रू असतो, खाली कापलेली बाटली धरून थोडं सोडा, पाणी तळाला वेगळं दिसतं. मग डिझेलच्या लाइनवरचा छोटा हँडपंप दाबत राहा, कडक होईपर्यंत, आणि मग सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा.

जुने मिस्त्री इंजेक्टरचे नट ढिले करून हवा काढतात, जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला ते चालायचं. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या नव्या) गाडीला कोणी पाना लावायला लागला तर हात धरा त्याचा, त्या लाइनमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, बारीक धार चामडीतून आत जाते आणि बोट कापायची वेळ येते.

बीएस ६ गाडीत धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असेल (झाकण निळं असतं) आणि कोणी चुकून तो डिझेलच्या टाकीत ओतला असेल तर चावी ऑनसुद्धा करू नका. टोचन करून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

खलघाटहून वर येताना दर उन्हाळ्यात गाडी गरम होते. काय करू?

हा आपल्या इंदूरकरांचा खास प्रश्न. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि खाली निमाडात नर्मदाकाठ त्याच्या निम्म्याहूनही खाली, मे महिन्यात तिकडे ४४-४५ डिग्री, आपण महेश्वरला दोन दिवस राहून टाक्या भरून, एसी लावून घाट चढतो आणि मग म्हणतो रेडिएटर खराब आहे. आधी एसी बंद करा, खालचा गिअर घ्या, आणि हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल पण केबिनचा हीटर फुल करा. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तुमच्या गुडघ्यांवर ओततो. घाम निघेल पण काटा खाली येतो.

काटा लाल रेषेला टेकला तर थांबा. वाफ नसेल तर एखादं मिनिट आयडलवर ठेवून बंद करा, वाफ निघत असेल किंवा पाणी सांडत असेल तर लगेच बंद. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, वरचा होज पाइप हाताने दाबून बघता येईल इतका थंड होऊ दे, त्याला पाऊण तासही लागतो. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

घरी आल्यावर कारण शोधा, आणि स्वस्तातलं आधी. आमच्या निम्म्या केसेस रेडिएटरच्या जाळीत निघाल्या: किडे, धूळ, गव्हाच्या हंगामातला भुसा, आणि एसीचं कंडेन्सर पुढे असतं म्हणून तो कचरा दोघांच्या मध्ये अडकतो, समोरून बघितलं तर स्वच्छ दिसतं. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने धुवा, जोरात मारलं तर पत्रे वाकतात. मग फॅन. व्हिस्कस फॅन (तापल्यावरच घट्ट पकडून फिरणारा) असेल तर इंजिन गरम असताना बंद करा, चावी काढून खिशात टाका आणि फॅन हाताने फिरवून बघा, जरा अडखळायला हवा. भिंगरीसारखा गरगर फिरला तर व्हिस्कस गेलाय. त्यानंतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. तो काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो, ऐकू नका, इंजिन मग कधी नीट गरमच होत नाही आणि डिझेल जास्त पितं.

भीती वाटावी अशी लक्षणं वेगळी आहेत. सकाळी थंड गाडी चालू केली आणि मिनिटभरात होज दगडासारखा कडक, किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस. म्हणजे इंजिनच्या हेडखालचं गॅस्केट गेलं. मग क्रेनच बोलवा.

आणि उतरताना जळका वास येतो तो?

ब्रेकचा. त्याच रस्त्यावरच्या गणेश घाटात ब्रेक फेल होऊन इतके अपघात झाले की शेवटी नवा रस्ता काढावा लागला. आपली गाडी भरलेली असताना छोट्या ट्रकसारखी वागते, कारसारखी नाही. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका, जोरात दाबून वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा. वास आला, पेडल स्पंजसारखं लागलं की जागा बघून थांबा आणि अर्धा तास बसा. चाकावर पाणी टाकू नका, हँडब्रेकही कचकचून ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. ऊन-पाऊस नसेल तर बसायला घाटासारखी जागा नाही, आमच्या वहिनींनी बिजासन घाटात अशाच थांब्यावर सगळ्यांना थालीपीठ खाऊ घातलं होतं.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी पितं, आणि पाणी आधी उकळतं. कोणी बदलत नाही.

गाडीतल्या घराची (दिवे-फ्रिजची) बॅटरी लिथियमची केली, आता डायनेमो जळला. संबंध आहे का?

आहे, आणि तो मूर्खपणा मीच केलाय. जुनी लेड अॅसिड बॅटरी भरत आली की करंट कमी घेते. लिथियम मात्र जेवढा मिळेल तेवढा ओढत राहते, शेवटपर्यंत. आयडलवर डायनेमोचा पंखा हळू फिरतो आणि करंट फुल, म्हणजे भट्टीच. ओंकारेश्वरच्या रस्त्यावर जाममध्ये तासभर चालू ठेवली आणि वार्निश जळाल्याचा वास आला. आता मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावलाय, तो ३० अँपिअरच्या वर ओढूच देत नाही. लिथियम बसवून देणाऱ्याने हे सांगायला हवं होतं, पण विचारायला मलाही हवं होतं.

दोन दिवस उभी ठेवली की बॅटरी झिरो?

काहीतरी गुपचूप खातंय. मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून मायनसची वायर काढून ती आणि खुंटी यांच्या मध्ये लावा, दारं बंद, अर्धा तास थांबा म्हणजे कॉम्प्युटर झोपतो. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला ती लाइन. जीपीएस, म्युझिक सिस्टिम, पायरीचा दिवा आणि स्टँडबायवर राहिलेला इन्व्हर्टर, हेच चार आरोपी बहुतेक वेळा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो, माझा उडालाय.

फ्रिज मध्यरात्री बंद पडतो, बॅटरी तर भरलेली दाखवते?

वायर बारीक आहे. १२ व्होल्टचे कॉम्प्रेसरवाले फ्रिज साधारण १०.४ व्होल्टला स्वतःला बंद करतात, पण ते व्होल्ट फ्रिजपाशी मोजतात, बॅटरीपाशी नाही. पाच मीटर लांब वायर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, अडीच एमएमची असेल तर ८ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहून जास्त. फ्रिज चालू होताना त्याच्या मागच्या टर्मिनलवर मोजा. घरातल्या वायरिंगवाल्याला २३० व्होल्टची सवय असते, तो बारीक वायर टाकतो, त्याचा दोष नाही, त्याला सांगायला हवं. ६ एमएमची वायर टाका.

रात्री पाण्याचा पंप मध्येच टर्र करतो.

कुठेतरी थेंब गळतोय, प्रेशर पडलं की पंप जागा होतो. नळ, मग फ्लशचा व्हॉल्व्ह बघा. काही सापडलं नाही तर झोपताना पंपाचा स्विच बंद करा, आम्ही तेच करतो.

गॅसचा वास आला तर?

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, दारं उघडी, सगळे बाहेर, आणि कुठलाही स्विच चालू किंवा बंद करायचा नाही, एक्झॉस्ट फॅनचासुद्धा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीवर साठतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजेच. खिडकी उघडून तो जात नाही. लीकेज साबणाच्या फेसाने शोधा. होज पाइपवर तारीख छापलेली असते, सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायचा, आणि गाडीत धक्के खातो म्हणून मी तीन वर्षांनीच बदलतो.

शेतात उभी केली, पंक्चर झालं, जॅक मातीत घुसतोय.

माळव्याची काळी माती! पावसानंतर तिच्यात जॅक पेढ्यासारखा रुतत जातो. दोन इंच जाडीची लाकडी फळी, फूटभर लांब-रुंद, गाडीत कायम ठेवा. आणि काळ्या मातीत उभं करायच्या आधी आकाश बघा, रात्री सर पडली तर सकाळी ट्रॅक्टरच लागतो.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांनंतर भरवसा ठेवू नका, आपल्या गाड्या वर्षातले दहा महिने उभ्याच असतात. आणि एकदा पूर्ण भरून तौलकाट्यावर न्या, पुढचं आणि मागचं अॅक्सल वेगवेगळं तोला. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, ते मागच्या चाकांच्याही मागे असेल तर पुढचं हलकं होऊन स्टिअरिंग तरंगतं, आणि लोक अलाइनमेंट करत बसतात.

टोचन करून नेलं तर चालेल का?

दोरीने नको. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड, आणि ब्रेक दोन-तीनदा दाबले की व्हॅक्यूम संपतो, मग पेडल लाकूड होतं. लोखंडी दांड्याने, सावकाश, जवळच्या ढाब्यापर्यंत ठीक. लांब न्यायची असेल तर ट्रॅव्हलरचं मागच्या चाकांकडे जाणारं प्रोपेलर शाफ्ट सोडून घ्या (विंगर पुढच्या चाकांवर चालते, तिला ते नसतं), किंवा सरळ प्लॅटफॉर्मवाली क्रेन.

मिस्त्री म्हणतो इंजिन उघडावं लागेल. हो म्हणू?

लगेच नाही. त्याला विचारा, "उस्ताद, कशावरून?" ज्याच्याकडे मोजलेलं उत्तर आहे, कॉम्प्रेशन इतकं आलं, ऑइलमध्ये पाणी आहे, त्याचं ऐका. "अनुभवावरून" म्हणाला तर चहा पाजा आणि आम्हाला फोन करा. तसं ट्रॅव्हलरवाल्यांना इंदुरात फारशी चिंता नाही, गाडी बनतेच पीथमपूरला, त्यामुळे हे इंजिन कोळून प्यालेले मिस्त्री ट्रान्सपोर्टनगरात सापडतात. एक मात्र पाळा, एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन पार्ट एकदम बदलले आणि गाडी बरी झाली तर कशाने झाली ते कधीच कळत नाही. काढलेला पार्टही मागून घ्या, माझा तो "खराब" सेल्फ अजून गॅरेजमध्ये आहे आणि ठणठणीत चालतो.

मला गाडीतलं काही कळत नाही, मी दुसऱ्याला काय मदत करणार?

मागच्या महिन्यात रात्री चोरलच्या पुढे एका गाडीचे हेडलाइट मध्येच जायचे, मध्येच यायचे. आम्ही तिघं "जाणकार" रिले बदलत होतो. एका काकांचं काम फक्त टॉर्च धरायचं. पंधरा मिनिटांनी तेच म्हणाले, "अरे, तुम्ही बॉनेट वर केलं की लागतात आणि खाली केलं की जातात." बिजागरीपाशी वायर चेपली होती.